सूर न हलवता

माझ्या धाकट्या भावाच्या अस्थी पांढऱ्या कापडात बांधून, झाकणाच्या एका लहानशा डब्यात थायलंडहून जालन्याला आल्या. त्या मी हट्टानं मागवून घेतल्या होत्या. हे आधीच सांगतो, कारण पुढं मी पन्नाशी ओलांडल्यावर एक परकी भाषा शिकलो असं येणार आहे, आणि ते वाचून कुणी मला चांगला माणूस समजू नये.

आम्ही दोघंही बियाण्याच्या धंद्यातले. जालन्यात हे नवल नाही. मी एका कंपनीचा प्लॉट बघणारा माणूस. बदनापूरपासून वडीगोद्रीपर्यंत शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं कसं धरलं जातं, ते मोटरसायकलवर हिंडून तपासायचं. भाऊ माझ्याहून हुशार. शेतकीची पदवी घेऊन तो प्रयोगशाळेत गेला आणि तिथून कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी थायलंडला पाठवलं. दोनाची चार झाली. मग त्यानं फोनवर सांगितलं की तिथंच, सोबत काम करणाऱ्या मुलीशी लग्न केलंय. आई रडली. मी चार महिने त्याच्याशी बोललो नाही.

तो बायकोला घेऊन एकदाच आला. पोरगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. पंधरा दिवस राहिले. माझी भावजय दिवसभर आईच्या मागं मागं असायची, भांडी घासायची, भाकर थापायला बसायची, आणि भाकर हातात तुटली की स्वतःच हसायची. एकदा सगळे जेवायला बसलो होतो. ती वाढत होती. मी तिच्यादेखत भावाला म्हणालो, "काय बघितलं रं हिच्यात? गावात काय पोरी संपल्या होत्या?" म्हणालो हसत हसतच. तिला कुठं कळणार होतं.

भावानं ताटातून मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "दादा, तिला शब्द न्हाई कळत. सूर कळतो."

ती वरणाचं पातेलं घेऊन तशीच उभी होती. मग तिनं मला वाढलं, आधी मला. मी ते वरण खाल्लं.

पोरगी पाच वर्षांची असताना भाऊ गेला. सकाळी कामावर निघताना डोकं धरून बसला, दवाखान्यात नेईपर्यंत मेंदूत रक्त पसरलं होतं. फोन आला तो त्याच्या हाताखालच्या एका हैदराबादच्या माणसाचा. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता. जाऊन पोचणं शक्य नव्हतं. तिथल्या रीतीनं तिथल्या विहारात त्याला अग्नी दिला. तीन दिवसांनी मी त्या हैदराबादच्या माणसाला फोन करून माझ्या हिंदीत सांगितलं, "पूरी अस्थी भेज दो. पीछे कुछ भी मत रखना. बिलकुल कुछ नहीं."

त्यानं विचारलं, भाभी पूछ रही हैं, आप लोग उसका क्या करेंगे?

मी म्हणालो, "जो रीत है, सब बराबर करेंगे. फिकर मत करो बोलो."

तो पलीकडं तिच्याशी तिच्या भाषेत बोलला. बराच वेळ बोलला. मग म्हणाला, भाभी बोल रही हैं ठीक है, बड़े भाई हैं, जैसा वो कहें.

आईसाठी केलं, गावातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. अस्थी परमुलखात राहिल्या तर जीव घुटमळतो, असं आमच्यात म्हणतात. पण खरं तेवढंच नव्हतं. मला माझा भाऊ तिच्याकडून परत घ्यायचा होता. जिवंतपणी दिला नाही, तर आता दे. तेव्हा मला हे असं कळत नव्हतं, पण माझ्या आवाजात ते होतं, आणि सूर तर तिला कळत होता.

तो माणूस सुट्टीला येताना डबा घेऊन आला. कापड सोडलं तर आत अस्थींवर सुकलेली मोगऱ्यासारखी पांढरी फुलं होती आणि कसल्या तरी अत्तराचा वास होता. हाडं कुणीतरी हातानं पुसून, निवडून, मायेनं ठेवल्यासारखी होती. आमच्या घरात अस्थी एक रात्रही ठेवत नाहीत, डबा बाहेर लिंबाला टांगला. सकाळीच वडीगोद्रीच्या पुढं गोदावरीवर गेलो. पाणी होतं तेव्हा. फुलं, कापड, अस्थी, सगळं सोडलं. डबा पण सोडला, तो घरी परत आणायचा नसतो. हात झाडले, अंघोळ केली. येताना मला हलकं वाटलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर भावजय दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लावायची. भावाचा नेम होता, तो तिनं चालू ठेवला. पण बोलणार काय? ती हात जोडायची, आम्ही हात जोडायचो. आई पडद्याला तोंड लावून मोठ्यानं मराठीत बोलायची, "माय, दूध पेतीस का? शाळेत जातीस का?" पोरगी हसायची. आई मोबाइलवरून हात फिरवायची, त्यानं कॉल बंद पडायचा. दीड वर्ष असं चाललं. आई गेली तेव्हा तिला नातीशी बोलायचं होतं ते सगळं तिच्याच पोटात राहिलं. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तू तरी शिक तिचं बोलणं. न्हाईतर त्या पोरीला आपलं कोणीच न्हाई राहणार."

म्हणून शिकलो. आधी मोबाइलवर एक शिकवणी लावली. पाच सूर असतात त्या भाषेत, हे तिथं कळलं. एक सपाट. एक खाली दबलेला. एक वरून खाली सुटणारा, विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. एक उंचावर धरलेला. आणि एक खालून वर चढणारा. शब्दाला त्याचा सूर नेमून दिलेला असतो. तो तुमचा नसतो. आपल्याकडं सूर माणसाचा असतो, रागाचा वेगळा, लाडाचा वेगळा, विचारतानाचा वेगळा. तिथं तुम्ही रडत असा नाहीतर हसत असा, शब्दाचा सूर हलवायचा नाही. मला हे जमेना. मी काही विचारायला गेलो की शेवटचा शब्द आपोआप वर जायचा, आणि पोरगी डोक्याला हात लावायची.

कारण खरी मास्तरीण तीच झाली. तेव्हा सात वर्षांची. मला ती 'लुंग' म्हणते, म्हणजे बापाचा थोरला भाऊ. ती पडद्यासमोर हात आडवा धरायची, खाली न्यायची, वर न्यायची, आणि मी तिच्या हाताबरोबर आवाज न्यायचा. चुकलो की ती बोटानं 'नाही नाही' करायची आणि आईकडं बघून हसायची. एकदा कंटाळून तिनं बाहुली आणली आणि मला सोडून बाहुलीला शिकवायला लागली. भावजय मागून काहीतरी म्हणाली, तेव्हा कुठं माझ्याकडं वळली.

मी वहीत शब्द देवनागरीत लिहायचो, पण देवनागरीला सूर दाखवता येत नाही. मग मला आमच्याच कामातला उपाय सुचला. मिरचीच्या प्लॉटवर बाया चिमट्यानं कळीतले केसर काढतात, दुसऱ्या झाडाचा पराग लावतात आणि त्या कळीच्या देठाला रंगीत दोरा बांधतात, म्हणजे कोणतं फळ आपलं ते ओळखू येतं. मी पाच रंगांचे दोरे आणले आणि वहीतल्या एकेका शब्दाला चिकटवले. लाल दोरा म्हणजे सुटणारा सूर. पिवळा म्हणजे चढता. शेडनेटमध्ये कामं बघता बघता वही उघडून पुटपुटायचो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं एकदा हातातला चिमटा थांबवून विचारलं, "सायेब, तब्येत बरी हाये ना? अंड्यावर बसलेल्या कोंबडीवानी काय करून राह्यले?"

मी सांगितलं, पुतणीची भाषा शिकतोय.

"मंग मोठ्यानं म्हणा की, आम्ही बी शिकतो," ती म्हणाली, आणि पुढचे कितीतरी दिवस मी आलो की साऱ्या ओळीतल्या बाया वेगवेगळ्या सुरात 'आ, आ, आ' करायच्या. मलाही हसू यायचं. ते दिवस सुखाचे होते. मला वाटत होतं की आईचं सांगणं मी पुरं करतोय, भावाचंही काही फेडतोय.

मग मी शिकायला लागल्यावरचा पहिला एप्रिल महिना आला.

त्यांचं नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात असतं, सोंगक्रान. पाण्याचा सण. त्या दिवशी घरातल्या थोरांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात, एवढं मला शिकवणीत कळलं होतं. कॉलवर पोरीनं छान कपडे घातले होते. तिनं मला तिच्या आजीच्या हातावर पाणी घातलेलं दाखवलं. मग ती मला विहारात घेऊन गेली, म्हणजे भावजयीनं मोबाइल धरला होता. विहाराच्या भिंतीत लहान लहान कोनाडे होते. प्रत्येकावर फोटो आणि नाव. लोक एकेक कोनाडा उघडून आतला डबा बाहेर काढत होते. तसाच झाकणाचा डबा. आतल्या अस्थींवर वाटीनं पाणी घालत होते, फुलं टाकत होते, आणि डब्याशी सहज बोलत होते, जसं घरात कुणाशी बोलावं.

हे माझे आजोबा, ती एका डब्याकडं बोट दाखवून म्हणाली. मग मोबाइलजवळ आली आणि हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडवून, विचारलं, "लुंग, तुम्ही बाबांना पाणी घातलं?"

मला शब्दन्‌शब्द कळला. तो दोष भाषेला देता येणार नाही. तिच्या मागं भावजय उभी होती, मान थोडी पुढं करून. तिला ते ऐकायचं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या 'सब बराबर करेंगे'चा तिनं काय अर्थ घेतला होता. तिच्या रीतीत बराबर म्हणजे थोरला भाऊ धाकट्याला घरच्या जागी, बापाच्या शेजारी, नीट ठेवील. वर्षातून एकदा त्याला पाणी घालील. आणि पोरगी मोठी झाली की तिला तिचा बाप दाखवील. म्हणून तिनं एक बोटाएवढं हाडसुद्धा मागं ठेवलं नव्हतं. मी सांगितलं होतं ना, बिलकुल कुछ नहीं.

त्या भाषेत नुसतं 'हो' म्हणून सुटता येत नाही. जी गोष्ट विचारली तीच परत म्हणावी लागते. मी म्हणालो, "घातलं."

पोरगी टाळ्या वाजवत आईकडं वळली. लुंग बरोबर बोलले, एकही सूर चुकला नाही, असं ती सांगत होती. भावजयीनं हात जोडून कपाळाला लावले आणि खाली वाकली. इतक्या खाली ती आमच्या घरात आली तेव्हाही वाकली नव्हती. माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं बिनचूक वाक्य होतं.

दुसऱ्या वर्षीही तिनं विचारलं. मी तेच सांगितलं. मधल्या काळात माझी भाषा सुधारत गेली, मला त्यांची शाळा, आजीचे गुडघे, बाजारातल्या मिरचीचे भाव, सगळं बोलता यायला लागलं, आणि जितकं जास्त बोलता यायला लागलं तितकं ते एक वाक्य जड होत गेलं. आधी म्हणायचो, शब्द नाहीत म्हणून सांगता येत नाही. आता शब्द होते. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या रीतीनं केलं, त्यात पाप न्हाई. पण घातलं म्हणालात ते कोणत्या रीतीत बसतं?"

गेल्या माघात भावजयीनं सांगितलं की या एप्रिलला दोघी भारतात येतील. पोरगी दहा वर्षांची झाली, आता बापाला स्वतःच्या हातानं पाणी घालील. तिनं सुट्टी मागितली होती. अत्तराची बाटली पिशवीत ठेवलेली पोरीनं मला दाखवली.

त्यानंतरच्या रविवारी मी सांगायचं ठरवलं. वहीत सगळी वाक्यं लिहून काढली, दोरे लावले, आठवडाभर मोटरसायकलवर घोकली. दहा वाजता कॉल आला. मी म्हणालो, आज आधी आईला बोलव. भावजय पुढं येऊन बसली, पोरगी तिच्या खांद्याला टेकून.

मी बोलायला लागलो आणि माझा आवाज फुटला. आपल्याकडं आवाज फुटला की समोरच्याला शब्द न ऐकताही कळतं. त्यांना काही कळेना. रडक्या आवाजात माझे सगळे सूर ढासळले होते, शब्द शब्दच राहिले नव्हते. पोरीला वाटलं मी आजारी आहे. भावजय पुन्हापुन्हा म्हणत होती, सावकाश बोला, समजत नाही. मी पाणी प्यायलो. वही समोर धरली. आणि बाजारभाव वाचावेत तसं, सूर न हलवता, एकेक शब्द त्याच्या जागी ठेवत म्हणालो, "इथं पोरीचे बाबा नाहीत. मी सगळं नदीत सोडलं, त्याच वर्षी. काही ठेवलं नाही. आमच्यात तसंच करतात. पाणी घातलं म्हणालो ते खोटं होतं."

भावजयीला नीट कळलं की नाही, हे मला समजेना. म्हणून पुन्हा म्हणालो. आपल्या तोंडानं, कोरड्या आवाजात, दोनदा.

पोरगी आईच्या तोंडाकडं बघत होती. भावजयीचा चेहरा हलला नाही. ती म्हणाली, "माय पेन राय."

त्या भाषेत शिरणारा प्रत्येकजण ही तीन अक्षरं पहिल्या दिवशी शिकतो. काही हरकत नाही, चालायचंच, असा अर्थ. पायावर पाय पडला, चहा सांडला, की म्हणतात. तिनं ती अगदी सपाट, जिथल्या तिथं म्हटली. तिच्या सुरातून मला काहीच कळलं नाही, आणि एवढी वर्षं ती भाषा शिकून मला त्या क्षणी तिचा सूरच तेवढा कळायला हवा होता. मग तिनं हात जोडले आणि कॉल बंद केला.

पुढच्या रविवारी दहा वाजले, कॉल आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी लावला, उचलला गेला नाही. पाच रविवार असे गेले. त्या येणार नव्हत्या हे कुणी मला सांगितलं नाही, पण यायची तारीख निघून गेली. प्लॉटवरच्या म्हातारीनं विचारलं, "सायेब, पुतणी कवा यायलीय? आम्हाला बी बोलायचंय तिच्यासंगं, आ आ आ." मी म्हणालो, शाळा आहे तिची.

सणाच्या आदल्या दिवशी मोबाइलवर पोरीचा आवाज आला. नुसता आवाज, चेहरा नाही. तिनं फार हळू, पूर्वी मला शिकवताना बोलायची तसं, विचारलं होतं: "लुंग, त्या नदीत आता पाणी आहे का? आई विचारते."

नदीत पाणी असेल तर बाप पाण्यात आहे, एवढं तरी त्या दोघींनी आपापसात ठरवलं असावं. मी घरी बसून 'आहे' म्हणू शकलो असतो. गोदावरी म्हटल्यावर कुणाला खोटं वाटलं असतं? शब्दही सोपा आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या भरून घेतला आणि वडीगोद्रीच्या पुढं, ज्या ठिकाणी डबा सोडला होता तिथं गेलो.

यंदा पाऊस कमी झालेला. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं नव्हतं. पुलाखाली वाळू आणि गोटे, पलीकडच्या काठाला हिरवट डबकं, त्यात दोन म्हशी. जिथं मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो होतो तिथं पायाखाली वाळू करकरत होती. तिथंच बसलो. तांब्यातलं पाणी हळूहळू ओतलं. दोन वर्षं खोटं सांगितलेलं आणि या वर्षीचं खरं, तिन्ही मिळून तेवढंच पाणी होतं. वाळूनं ते लगेच पिऊन टाकलं, जागा नुसती काळी झाली, आणि मी बघता बघता तीही वाळली. भावाशी बोलायला गेलो तर कोणत्या भाषेत बोलावं ते सुचेना.

मग मोबाइल काढून मी पोरीला उत्तर बोललो. "नाही. आता पाणी नाही. पावसाळा झाला की येईल. मी जाऊन बघितलं." पहिल्यांदा आवाज कापला, पुसून टाकलं. दुसऱ्यांदा एक सूर चुकला. तिसऱ्यांदा सगळे सूर जागेवर बसले. ते पाठवलं.

तिनं ते ऐकलं, एवढं पडद्यावरच्या खुणेवरून कळलं. त्याला आता दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. रविवारी दहाला मी अजूनही वही उघडून मोबाइलसमोर बसतो. बायको चहा ठेवून जाते. वहीतले लाल दोरे आता निघायला लागलेत.